देवाची दया आणि पापी माणूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा जवळ आला की चर्चमध्ये कन्फेशनच्या, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापं सांगून क्षमा मागण्याच्या संस्काराच्या, रांगा लांबतात. रांगेत उभे असतात त्यांना प्रश्न पडलेले असतातच. पण रांगेकडे बघून मागच्या दारानं निघून जाणाऱ्यांना ते जास्त पडतात. हे पान मुख्यतः त्या दुसऱ्या मंडळींसाठी आहे.

कितीही मोठं पाप असलं तरी देव खरंच क्षमा करतो का?

हो. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद 982) हे आडवळण न घेता सांगितलं आहे: चर्च क्षमा करू शकणार नाही इतकं गंभीर पाप कोणतंही नाही. अट एकच, पश्चात्ताप खरा हवा.

बायबलमधली माणसं पाहा. दावीद राजानं दुसऱ्याच्या बायकोला राजवाड्यात आणलं आणि प्रकरण अंगाशी येतंय म्हटल्यावर तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या ऐन तोंडावर उभं करून मारवलं. नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सुनावल्यावर तो कोसळला. 51 वं स्तोत्र परंपरेनं याच प्रसंगाशी जोडलेलं आहे आणि चर्च आजही दर शुक्रवारी पहाटेच्या प्रार्थनेत तेच म्हणतं. खुनी राजाची प्रार्थना साऱ्या चर्चची प्रार्थना झाली.

136 व्या स्तोत्रात 26 ओव्या आहेत आणि सव्वीसही ओव्यांच्या शेवटी एकच पालुपद येतं: ‘त्याची दया सनातन आहे.’ सूर्य-चंद्र निर्माण केले, दया सनातन. रानातून लोकांना नेलं, दया सनातन. फारोला तांबड्या समुद्रात बुडवलं, तिथेही तेच. बुडणाऱ्या मिसरी सैनिकाला ही ओवी कशी वाटली असती, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. त्याचं सोपं उत्तर नाही. पण जुना करार कठोर आणि नवा करार दयाळू, अशी सरळ वाटणी करणाऱ्यांनी हे पालुपद एकदा मोठ्यानं म्हणून पाहावं.

मग ‘क्षमा न होणारं पाप’ म्हणून येशूनं जे सांगितलं ते काय?

मार्कच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही, असं वाक्य आहे. ते वाचून अनेक जण घाबरतात. आपण कधीतरी रागाच्या भरात देवाला नको ते बोललो, तेच हे पाप असावं, अशी भीती मनात धरून वर्षानुवर्षं जगणारी माणसं असतात.

चर्चचं स्पष्टीकरण असं: देवाच्या दयेला सीमा नाही, पण पुढे केलेली दया जो जाणूनबुजून शेवटपर्यंत नाकारतो, त्याच्यावर ती लादली जात नाही. तोंडातून निसटलेल्या शब्दाचा इथे संबंध नाही. ‘माझ्या हातून ते पाप तर झालं नाही ना?’ या काळजीनं जो कन्फेशनला येतो, त्याच्या हातून ते झालेलं नाही. तो दया मागायलाच आलेला आहे.

येशूचे शिष्य यहूदा आणि पेत्र यांच्यातला फरकही इथेच. एकानं धरून दिलं, दुसऱ्यानं तीनदा ओळख नाकारली. दोघांनाही पस्तावा झाला. एक निराशेत गेला, दुसरा रडला आणि थांबला. पुढे सरोवराकाठी येशूनं त्याला तीनदाच विचारलं, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस का?’ यहूदाबद्दलही एक लक्षात घ्यावं: अमुक माणूस नरकात आहे असं चर्चनं आजवर कुणाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. संत कोण हे चर्च जाहीर करतं, उलट बाजूची यादी नाही.

आधी पश्चात्ताप की आधी दया?

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढा. बापाकडून आपला वाटा घेऊन तो परदेशी उडवणाऱ्या उधळ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे ती कुणी नीट वाचत नाही. मुलगा घरी निघाला तो काही उदात्त भावनेनं नव्हे. त्याला भूक लागली होती. डुकरांच्या शेंगांवर नजर गेली तेव्हा बापाच्या घरचे चाकर पोटभर जेवतात हे आठवलं. मग त्यानं एक भाषण तयार केलं: मी पाप केलं आहे, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला तुझ्या एका चाकरासारखं ठेव.

बापानं त्याला दूर असतानाच पाहिलं आणि तो धावत गेला. मुलानं भाषण सुरू केलं. पहिली दोन वाक्यं झाली. तिसरं, चाकरासारखं ठेव हे, तो म्हणतच नाही, कारण बाप मध्येच नोकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगत सुटतो. चाकरीचा प्रस्ताव ऐकूनच घेतला जात नाही.

पश्चात्ताप लागतोच. पण तो मनात उठतो तोसुद्धा देवानं आधीच हाक मारलेली असते म्हणून, अशी कॅथोलिक शिकवण आहे. पोप फ्रान्सिस त्यांच्या तरुणपणीचा एक प्रसंग सांगत. 21 सप्टेंबर 1953, संत मत्तयाचा सण. सोळा वर्षांचा होर्हे बेर्गोलियो ब्युनोस आयर्समधल्या फ्लोरेस भागातल्या चर्चमध्ये सहज शिरला आणि त्यानं कन्फेशन केलं. आपण शोधायला जाण्याआधीच कुणीतरी आपली वाट पाहत होतं, असं त्यांना तेव्हा जाणवलं. धर्मगुरू होण्याचा विचार तिथे रुजला. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी बोधवाक्य घेतलं तेही मत्तयाच्याच गोष्टीवरचं: जकात नाक्यावर बसलेल्या माणसाकडे येशूनं दयेनं पाहिलं आणि त्याला निवडलं.

हा आयुष्यभर नीट वागणाऱ्यांवर अन्याय नाही का?

हाच प्रश्न त्या उधळ्या मुलाच्या थोरल्या भावानं विचारला होता, आणि माझ्या मते सगळ्या पानावरचा खरा अवघड प्रश्न हाच आहे. आपल्याला क्षमा मिळते हे पटायला फारसं जड जात नाही. शेजाऱ्याला मिळते हे गिळता गिळत नाही.

शेतात राबून घरी आलेल्या त्या थोरल्याची बाजू खोटी नाही. त्याला कधी करडूही मिळालं नाही आणि इथे पोसलेलं वासरू कापलं गेलं. फक्त त्याचं बोलणं ऐका. तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही. बापाला म्हणतो, ‘हा तुझा मुलगा’. बाप उत्तर देताना शब्द हळूच दुरुस्त करतो: ‘हा तुझा भाऊ’. आणि त्याच वाक्यांत थोरल्यालाही सांगतो की जे माझं ते सगळं तुझंच आहे. म्हणजे थोरल्याच्या वाट्यातलं काहीच कमी झालेलं नाही.

थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. ही गोष्ट ऐकणारे कोण होते ते अध्यायाच्या सुरुवातीला दिलं आहे: पाप्यांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणारे धार्मिक लोक. आज ती जागा चर्चच्या पहिल्या दोन बाकांवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांची आहे.

चर्च पहिल्यापासून इतकं क्षमाशील होतं का?

नाही. आणि हा इतिहास मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते: कडक मंडळी जोरात असतात, युक्तिवाद त्यांचाच भक्कम वाटतो, आणि शेवटी चर्च दुसऱ्या बाजूला जातं.

इ.स. 250 मध्ये सम्राट डेशियसनं फर्मान काढलं की सगळ्यांनी रोमन देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीनं बळी दिला. काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे सगळे चर्चच्या दारात परत आले. ज्यांचे बाप-भाऊ छळात गेले होते, त्यांनी यांच्या शेजारी बसायचं? रोममधला विद्वान धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, नाही. यांना चर्चनं परत घेताच कामा नये. पोप कॉर्नेलियस आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, प्रायश्चित्त करायला लावू, पण घेऊ. 251 मध्ये नोव्हेशियन फुटून वेगळा झाला. त्याचा पंथ काही शतकं टिकला, मग संपला.

तरीही त्या काळचं प्रायश्चित्त आजच्या मानानं भयंकर होतं. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा पापांसाठी सगळ्यांसमोर, काही ठिकाणी वर्षानुवर्षं, आणि तेही बाप्तिस्म्यानंतर आयुष्यात एकदाच. साहजिकच लोक ते मरणाच्या दारापर्यंत पुढे ढकलत. खाजगीत, पुन्हा पुन्हा करता येणारं पापनिवेदन युरोपभर पसरवलं ते सहाव्या-सातव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी. 1215 मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेनं वर्षातून किमान एकदा कन्फेशन करण्याचा नियम घातला, तो आजही आहे. जाळीची पेटी तर त्याहून उशिराची, सोळाव्या शतकातली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी तिचा प्रसार केला.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जॅन्सेनवादी पुन्हा कडक झाले. त्यांच्या मते सामान्य माणूस कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) घ्यायला क्वचितच लायक असतो. त्यांचा प्रभाव लोकांच्या मनावर दोनशे वर्षं राहिला. शेवटी 1905 मध्ये पोप दहावे पायस यांनी वारंवार, शक्य तर रोज कम्युनियन घ्यायला उत्तेजन देणारं फर्मान काढलं. आपल्याकडे आजही काही आजी कम्युनियनला जायला कचरतात, त्या भीतीचं मूळ इतकं जुनं आहे.

देवाकडे थेट माफी मागितली तर चालत नाही का? मध्ये फादर कशाला?

थेट मागायचीच आहे. रोज रात्री मागावी. लहानसहान पापांची क्षमा प्रार्थनेनं, दानानं, मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) सुरुवातीच्या पश्चात्तापविधीनंही होते. गंभीर पापासाठी मात्र चर्च संस्कार सांगतं, आणि त्याचा आधार योहानच्या विसाव्या अध्यायात आहे: पुनरुत्थित येशू प्रेषितांना म्हणतो, ज्या कुणाच्या पापांची तुम्ही क्षमा करता त्यांना क्षमा झाली आहे. प्रोटेस्टंट बंधू हे वचन वेगळ्या तऱ्हेनं घेतात, तो जुना वाद इथे मिटणारा नाही.

एवढं मात्र सांगतो. मनातल्या मनात मागितलेल्या माफीत आपणच आरोपी, आपणच वकील आणि आपणच न्यायाधीश असतो. ‘मी तुला पापमुक्त करतो’ हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडणं यात जे आहे ते स्वतःला समजावण्यात नाही. आणि फादरही दुसऱ्या फादरकडे जाऊनच कन्फेशन करतात. पोपसुद्धा.

गंभीर पाप कोणतं, हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी एकत्र आल्या तर: बाब गंभीर, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव, आणि तरीही स्वेच्छेनं केलेली कृती. यातली एक जरी नसली तरी पापाचं वजन बदलतं. व्यसन, दडपण, भीती यांनी इच्छा किती बांधलेली होती, हेही पाहिलं जातं. शंका असेल तर विचारा. स्वतःच निकाल लावत बसू नका.

फादर कुणाला सांगणार नाहीत ना?

नाही. पोलिसांना नाही, बिशपना नाही, तुमच्या आईला तर नाहीच. कन्फेशनमधली गोष्ट उघड करणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप चर्चबाहेर पडतो. वेगळी चौकशी किंवा आदेश लागत नाही. ऐकलेल्या गोष्टीवरून तुमच्याशी वागणूक बदलण्याचीही त्याला मुभा नाही. प्रागच्या जॉन नेपोमुक यांना 1393 मध्ये राजाच्या हुकमानं व्हल्टावा नदीत बुडवून मारलं. राणीनं कन्फेशनमध्ये काय सांगितलं ते त्यांनी फोडलं नाही म्हणून, असं परंपरा सांगते. इतिहासकार राजा आणि आर्चबिशप यांच्यातल्या भांडणाकडे बोट दाखवतात.

आपल्या देशात 2018 च्या जुलैमध्ये हा विषय पेटला होता. केरळमध्ये कन्फेशनमधल्या माहितीचा वापर करून एका स्त्रीला धमकावल्याचा आणि तिचं शोषण केल्याचा आरोप काही धर्मगुरूंवर झाला आणि राष्ट्रीय महिला आयोगानं कन्फेशनची प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. ते धर्मगुरू मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचे होते, कॅथोलिक नव्हते. पण ‘आमचे नव्हते’ म्हणून हात झटकणं मला बरोबर वाटत नाही. विश्वासाचं हत्यार करणं कुणाच्याही हातून घडू शकतं. ते घडलं तर तो कायद्यानं गुन्हा आहे आणि चर्चच्या नियमानंही, आणि तक्रार दोन्हीकडे करावी. बाईला किंवा मुलाला अस्वस्थ वाटेल असे प्रश्न विचारले गेले, तर उठून निघून येण्यात काहीही पाप नाही.

क्षमा झाली म्हणजे शिक्षाही माफ का?

शुभवर्तमानातल्या जक्कयाला, लोकांना लुबाडणाऱ्या त्या जकातदाराला, विचारा. येशू त्याच्या घरी जेवायला गेला एवढ्यानंच तो बदलला, पण पुढे त्यानं स्वतःहून सांगितलं: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. चोरी कबूल केली आणि पैसे खिशात राहिले, तर फादर परतफेड करायला सांगणारच.

कायद्याची शिक्षा तर वेगळीच. 13 मे 1981 रोजी मेहमेत अली अग्जानं पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोपनी चारच दिवसांनी रुग्णालयातून त्याला क्षमा केल्याचं सांगितलं, 1983 च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. अग्जा मात्र 2000 पर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता.

हे ठासून सांगायचं कारण आहे. मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या धर्मगुरूंना कित्येक देशांत ‘त्याला पस्तावा झालाय’ म्हणत एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवलं गेलं. त्याला दया म्हणत नाहीत. ज्यांचा बळी गेला, त्यांना त्या हिशेबात कुठेच जागा नव्हती.

ज्यानं माझं वाटोळं केलं, त्याला मीही क्षमा करायलाच हवी का?

‘आमच्या स्वर्गीय पित्या’ ही प्रार्थना रोज म्हणतो, त्यातली इतरांना क्षमा करण्याची ओळ टाळता येत नाही. पण क्षमा म्हणजे मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जाणं नव्हे, खटला मागे घेणंही नव्हे, आणि विसरणं तर नव्हेच. ती एका बैठकीत होते असंही नाही.

मध्य प्रदेशातल्या इंदूर धर्मप्रांतात सिस्टर राणी मारिया काम करत. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. आदिवासी शेतमजुरांना त्या बचतगट आणि हक्क शिकवत, त्यामुळे सावकार-जमीनदारांचं दुखलं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये भाडोत्री मारेकऱ्यानं त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि 2002 मध्ये तिनं त्याच्या हातावर राखी बांधली. कुटुंबानं त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला. 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. एरवी या विषयावर मरताना मारेकऱ्याला क्षमा करणाऱ्या इटलीतल्या मारिया गोरेत्तीचं उदाहरण देतात, आणि तेही मोठंच आहे. पण राखीचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

घरोघरी दिसणारी, छातीतून दोन किरण निघणारी ती तसबीर कुणाची?

दैवी दयेच्या येशूची. पोलंडमधल्या सिस्टर फॉस्टिना कोवाल्स्का यांना 22 फेब्रुवारी 1931 रोजी प्लॉक इथल्या मठात येशूचं तसं दर्शन झालं, असं त्यांनी रोजनिशीत लिहिलं आहे. शिक्षण जेमतेम तीन इयत्ता, मठातलं काम स्वयंपाक, बाग, दारावरची चाकरी. पहिलं चित्र 1934 मध्ये विल्नियसमध्ये एका चित्रकारानं काढलं. ते पाहून फॉस्टिना रडल्या म्हणतात, कारण दिसलं होतं तितकं सुंदर ते उतरलं नव्हतं. फिका किरण पाण्याचा, लाल रक्ताचा. खाली ओळ: येशू, माझी तुझ्यावर श्रद्धा आहे. 1938 मध्ये क्षयानं त्या गेल्या, वय 33.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. 1959 मध्ये व्हॅटिकननं या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली, आणि ती 1978 च्या एप्रिलपर्यंत उठली नाही. ती उठावी म्हणून क्राकोव्हचे कार्डिनल वोयतिला यांनी बरीच खटपट केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते स्वतः पोप दुसरे जॉन पॉल झाले. 30 एप्रिल 2000 रोजी त्यांनी फॉस्टिनांना संत घोषित केलं आणि ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा रविवार ठरवला. 2 एप्रिल 2005 च्या रात्री, त्या रविवारच्या पूर्वसंध्येला, त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट स्पष्ट असावी: ही खाजगी साक्षात्कारावरची भक्ती आहे. दुपारी तीनची प्रार्थना किंवा दयेची माळ म्हटली नाही म्हणून कुणी कमी कॅथोलिक ठरत नाही.

गर्भपाताची क्षमा फक्त बिशपच देतात, हे खरं का?

आता नाही. चर्चनं दयेसाठी वाहिलेल्या खास जयंती वर्षाच्या समाप्तीला, 2016 च्या नोव्हेंबरात, पोप फ्रान्सिस यांनी हा अधिकार जगभरातल्या सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. कुणाही फादरकडे जा.

आत्महत्या केलेल्या माणसाचं काय होतं?

पूर्वी अशांना चर्चचा दफनविधी नाकारला जाई, आणि त्या घरांनी दुहेरी दुःख सोसलं. 1983 च्या धर्मसंहितेत (चर्चच्या कायद्यात) ती बंदी राहिली नाही. धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की मानसिक आजार, तीव्र वेदना, भीती यांनी जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये. केवळ देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. मिस्सा अर्पण करा, नाव घेऊन. आणि असे विचार तुमच्याच मनात येत असतील तर आजच कुणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे.

दर वेळी तेच पाप सांगायची लाज वाटते.

बहुतेकांचं तेच असतं. नवीन पापं शोधून काढायची गरज नाही. देव क्षमा करायला थकत नाही, आपण मागायला थकतो, असं पोप फ्रान्सिस निवडून आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी चौकातल्या गर्दीला म्हणाले होते. पुन्हा पडू अशी भीती असणं वेगळं आणि पुन्हा करायचंच असं ठरवून येणं वेगळं. पहिल्याला क्षमा मिळते.

मी ख्रिस्ती नाही. मला येता येईल का?

संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. पण फादरना भेटून मन मोकळं करायला, आशीर्वाद मागायला कुणाचीच आडकाठी नाही. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला येणाऱ्या गर्दीत सगळ्या धर्मांचे लोक असतातच.

वीस वर्षांत गेलो नाही. प्रार्थनाही आठवत नाही. सुरुवात कशी करू?

आत जाऊन एवढंच म्हणा: ‘फादर, फार वर्षांनी आलोय, काय करायचं ते विसरलोय.’ पुढचं फादर सांभाळतील. पश्चात्तापाची प्रार्थना येत नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा. गंभीर पापं आठवतील तेवढी, साधारण किती वेळा त्यासह सांगा. खरोखर विसरलेली राहिली तरी क्षमा पूर्ण होते, नंतर आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं. ओळखीच्या फादरसमोर संकोच वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जा, वसईहून वांद्र्याला गेलात तरी कुणी विचारणार नाही. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हा संस्कार होत नाही.

परदेशात राहतो. इथल्या फादरना मराठी येत नाही.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालतं. अगदीच अडलं तर चर्चचा कायदा दुभाष्यामार्फत कन्फेशन करायला परवानगी देतो, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन असतं.